कोट आणि महाजन : कंपनीच्या मुंबईतील ज्ञातिजीवन आणि व्यापार

मुंबई ईस्ट इंडिया कंपनीने वसवली असे म्हणण्याची रूढी असली, तरी १६६८ मध्ये कंपनीच्या ताब्यात आलेले हे बेट केवळ स्वतःच्या बळावर बंदर म्हणून भरभराटीला आणण्याइतके द्रव्य, मनुष्यबळ किंवा पत त्या कंपनीपाशी नव्हती. गुजरातच्या बहादूरशाहाने १५३४ च्या तहान्वये वसईच्या प्रदेशाबरोबर ही बेटे पोर्तुगिजांना दिली होती. पुढे १६६१ च्या विवाहतहाने मुंबई इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला मिळाली, परंतु पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या टाळाटाळीमुळे प्रत्यक्ष ताबा मिळण्यास १६६५ साल उजाडले. मधल्या काळात ताबा घेण्यासाठी आलेला सर अब्राहम शिपमन आणि त्याच्या सैन्याचा मोठा भाग अंजदीव बेटावर रोगराईने मरण पावला होता. राजाला हा मुलूख खर्चिक वाटल्याने त्याने तो सालिना दहा पौंड खंडणीवर कंपनीला देऊन टाकला. कंपनीला मिळाले ते नारळीच्या बागा, भाताची खाचरे, मिठागरे, कोळीवाडे आणि भरतीच्या पाण्याने एकमेकांपासून तुटणारी बेटे. व्यापाराचे खरे केंद्र सुरत हे होते, आणि सुरतेची पेढी सोडून दलदलीच्या, रोगट हवेच्या बेटावर येण्याचे कोणत्याही सावकाराला कारण नव्हते. ते कारण कंपनीने कसे निर्माण केले आणि त्याच्या बदल्यात काय देऊ केले, हे पाहिल्याखेरीज पुढील दोनशे वर्षांच्या मुंबईचा उलगडा होत नाही.

जेराल्ड ऑन्जिअर हा १६६९ ते १६७७ या काळात सुरतेचा प्रेसिडेंट आणि मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्यापुढे पहिला प्रश्न जमिनीचा होता. पोर्तुगीज अमलात जमिनीचा मोठा भाग ‘फजेंदार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जमीनदारांकडे होता आणि कोणती जमीन राजाची, कोणती खाजगी, याचा वाद सुटत नव्हता. १६७२ मध्ये ठरलेल्या आणि १६७४ मध्ये कायम झालेल्या करारान्वये जमीनदारांनी दरसाल २०,००० शेराफिन (गोव्याकडील पोर्तुगीज चांदीचे नाणे) द्यावेत आणि कंपनीने त्यांच्या जमिनींना हात लावू नये असे ठरले. त्याच सुमारास न्यायालय सुरू झाले, टांकसाळ उभी राहिली, आणि चौलच्या विणकरांना बोलावून त्यांच्यासाठी वस्ती बांधण्यात आली. चौल हे कोकण किनाऱ्यावरील प्राचीन बंदर तेव्हा उतरणीस लागले होते. तेथील कारागीर मुंबईत येणे म्हणजे जुन्या कोकणी व्यापाराचा एक धागा नव्या बंदराला जोडला जाणे होते.

या सर्व उपायांपेक्षा दूरगामी ठरला तो मात्र निराळाच निर्णय. प्रत्येक जातीने वा धर्मसमाजाने आपल्यातील पाच प्रमुख निवडावेत, आपसांतील तंटे त्यांनी तोडावेत, आणि कंपनीच्या अधिकाऱ्यांशी बोलताना त्यांनीच समाजाचे तोंड व्हावे, अशी पंचायतींची व्यवस्था ऑन्जिअरने पुढे आणली. यात उदारमतवाद किती आणि निकड किती, असा प्रश्न विचारता येईल. पण पोर्तुगीज अमलातील सक्तीच्या धर्मांतराची आणि अनाथ हिंदू मुलांना ख्रिस्ती करण्याच्या कायद्याची आठवण किनाऱ्यावर ताजी असताना, ज्या बेटावर आपला धर्म, आपली चिता आणि आपली पंचायत शाबूत राहील त्या बेटाला व्यापारी समाजाच्या दृष्टीने निराळेच मोल होते. सुरतेतही औरंगजेबाच्या कारकिर्दीतील धोरणाने वाणी समाज अस्वस्थ होता. १६६९ मध्ये तेथील हजारो वाण्यांनी शहर सोडून भडोचकडे प्रयाण केले होते. कंपनीने ही अस्वस्थता अचूक हेरली.

या व्यवहाराचे सर्वांत बोलके साधन म्हणजे दीव येथील नीमा पारख नावाच्या वाणी व्यापाऱ्याने १६७७ मध्ये मुंबईत येण्यापूर्वी कंपनीपुढे ठेवलेल्या अटी. घर आणि वखार बांधण्यासाठी भाडे न घेता जागा मिळावी. आपल्या आवारात ख्रिस्ती वा मुसलमान माणसाने राहू नये आणि तेथे कोणत्याही जिवाची हत्या होऊ नये. मृतांचे दहन आणि लग्नाचे विधी आपल्या चालीप्रमाणे करता यावेत. कोणावरही ख्रिस्ती होण्याची किंवा इच्छेविरुद्ध ओझे वाहण्याची सक्ती नसावी. पहाऱ्याच्या कामातून आपल्याला सूट असावी. कोणी दावा लावल्यास आधी सूचना दिल्याखेरीज भर रस्त्यात अटक होऊ नये. युद्धप्रसंगी माल, द्रव्य आणि कुटुंब ठेवण्यासाठी किल्ल्यात जागा मिळावी. घोडा, गाडी आणि छत्री वापरण्याची मोकळीक असावी. यांतील बहुतेक अटी मान्य झाल्या. हा कागद व्यापारी कराराचा आहे, तरी त्यात मालाच्या भावाविषयी फारसे काही नाही. आहे ते अब्रू, शुचिता, कुटुंबाची सुरक्षितता आणि समाजात मिरवण्याचा मान यांविषयी. पत ही ज्याची पुंजी, त्याला भर रस्त्यात झालेली अटक बुडालेल्या गलबतापेक्षा महाग पडते, हे नीमा पारखला पुरते ठाऊक होते.

त्याच कागदाची दुसरी बाजूही तितकीच नीट वाचली पाहिजे. ओझे वाहण्याच्या सक्तीतून आणि पहाऱ्यातून सूट मागावी लागते, याचा अर्थ ती सक्ती इतरांवर होती. कोळी, भंडारी, कुणबी आणि आगरी हे बेटाचे मूळ रहिवासी. मासळी, ताडी, भात आणि मीठ हे त्यांचे उद्योग. वेठ, म्हणजे सरकारने बोलावताच अल्प मोबदल्यावर वा मोबदल्याशिवाय करावयाचे काम, त्यांच्याच वाट्याला येई. भंडाऱ्यांची नागरी पलटण उभारण्यात आली होती आणि बेटाच्या रक्षणाचा भार तिच्यावर होता. मूळ रहिवाशांपाशी कंपनीला देऊ करण्यासारखी पत नव्हती आणि सोडून जाण्याची धमकी देण्यासारखे दुसरे घरही नव्हते; त्यामुळे त्यांच्याशी कोणी कलमवार करार केला नाही. मुंबईच्या सर्वधर्मीय वसाहतीचे कौतुक करताना तिचा पाया असा विषम होता याकडे अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

ऑन्जिअरच्या काळात मुंबईला येऊन गेलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याने बेटाची वस्ती ६०,००० असल्याचे लिहिले आहे. हा आकडा ढोबळ असला तरी वाढीची दिशा खरी होती. पारशी कुटुंबे आली. मलबार टेकडीवर त्यांच्यासाठी दखमा, म्हणजे मृतदेह ठेवण्याचा मनोरा, बांधला गेला, आणि दखमा असणे म्हणजे त्या समाजाने येथे कायमचे राहण्याचे ठरवले असणे होय. मात्र हा बहर टिकला नाही. कंपनीने मोगलांशी ओढवून घेतलेल्या युद्धात जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान १६८९ मध्ये बेटावर उतरला, माझगाव आणि माहीम त्याच्या हाती पडले, आणि तो १६९० मध्ये निघून गेला तेव्हा मागे उजाड वाड्या राहिल्या. पाठोपाठ साथीच्या रोगांनी उरलीसुरली वस्ती घटवली. घोघ्याचा कपोळ वाणी रूपजी धनजी १६९२ मध्ये मुंबईत आला तो अशा पडत्या काळात, आणि कंपनीला माल पुरवण्याचे काम त्याच्या घराण्याकडे पुढे दीर्घकाळ राहिले.

अठराव्या शतकाच्या प्रारंभी चार्ल्स बून या गव्हर्नरच्या कारकिर्दीत (१७१५–१७२२) वस्तीभोवती तटबंदी पुरी झाली आणि ‘कोट’ हा शब्द मुंबईकरांच्या तोंडी रुळला. तटाला अपोलो, चर्च आणि बाजार असे तीन प्रमुख दरवाजे होते. चर्चगेटकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दक्षिणेस इंग्रजांची घरे आणि उत्तरेस देशी व्यापाऱ्यांची दाट वस्ती अशी विभागणी पडत गेली. बाजारगेटच्या आतल्या अरुंद गल्ल्यांत खाली दुकान किंवा वखार, वर राहते घर, असे पारशी, वाणी आणि भाटिया कुटुंबांचे वाडे होते. तटाबाहेर डोंगरी, मांडवी, पायधुनी, भुलेश्वर या बाजूंना ‘बाहेरकोट’ वाढत गेला. साष्टी आणि वसई मराठ्यांनी जिंकल्यावर १७३९ मध्ये कंपनीला तटाभोवती खंदकाची गरज वाटली, तेव्हा देशी व्यापाऱ्यांनी त्यासाठी ३०,००० रुपये वर्गणी दिली. वसई पडल्यामुळे महाराष्ट्रात आनंदोत्सव झाला असताना कोटातील हिंदू सावकार मराठ्यांपासून संरक्षणासाठी पैसे देत होते, ही गोष्ट आज विसंगत वाटेल; पण त्या सावकारांची निष्ठा राज्यापेक्षा वखारीशी, आणि वखारीहूनही आपल्या महाजनाशी, म्हणजे व्यापाऱ्यांच्या संघटनेशी, बांधलेली होती.

अशी सरमिसळ निष्ठा बाळगणाऱ्या माणसावर काय प्रसंग ओढवू शकतो हे रामा कामाठीच्या खटल्यावरून दिसते. रामा कामाठी हा शेणवी ज्ञातीचा धनाढ्य व्यापारी आणि कंपनीच्या विश्वासातला माणूस. त्याने १७१५ मध्ये वाळकेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार केला, आणि १७१८ च्या नाताळात सेंट थॉमस चर्चचा प्रारंभ झाला तेव्हा तो आपल्या ज्ञातिबांधवांसह त्या समारंभास हजर होता. दोन वर्षांनी, १७२० मध्ये, कान्होजी आंग्रे यांच्याशी गुप्त पत्रव्यवहार केल्याचा आरोप ठेवून त्याला कैद करण्यात आले, त्याची मालमत्ता जप्त झाली, आणि १७२८ मध्ये तो तुरुंगातच मरण पावला. ज्या पत्रांच्या आधारे शिक्षा झाली ती बनावट असल्याचे पुढे मानले गेले. नीमा पारखने चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी अटकेविषयीचे कलम एवढ्या आग्रहाने का मागितले असावे, याचे उत्तर या प्रकरणात मिळते. देऊळ, चर्चमधील उपस्थिती आणि कंपनीशी असलेला जुना घरोबा यांपैकी काहीही संशयाच्या वेळी कामी आले नाही.

तरीही व्यापारी येतच राहिले, कारण त्यांना जोडणारी यंत्रणा कंपनीची नव्हतीच. ‘महाजन’ म्हणजे एका बाजारातील किंवा एका ज्ञातीतील प्रतिष्ठित व्यापाऱ्यांची संघटना. ‘शेठ’ हा तिचा प्रमुख. भावातील तंटा, मालातील खोट, दलालीचा दर, बाजार बंद ठेवण्याचे दिवस हे सारे महाजन ठरवी, आणि तिचा निर्णय मोडणाऱ्याला वाळीत टाकण्याचे शस्त्र तिच्या हाती असे. वाळीत पडलेल्या माणसाशी रोटीबेटीचा व्यवहार तुटे, एवढेच नव्हे तर त्याची हुंडीही बाजारात कोणी सकारत नसे. हुंडी म्हणजे एका गावच्या पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीवर पैसे देण्यासाठी लिहिलेली चिठ्ठी. ती दाखवताच पैसे मिळाले तर दर्शनी, ठरलेल्या मुदतीनंतर मिळाले तर मुदती, आणि केवळ बाजारातील प्रतिष्ठित ‘शाह’ व्यापाऱ्यालाच पैसे द्यावयाचे असतील तर ती शाहजोग म्हटली जाई. जोखमी हुंडीत माल सुखरूप पोहोचला तरच पैसे देणे लागत असल्याने ती विम्याचेही काम करी. निरनिराळ्या टांकसाळींच्या रुपयांतील चांदीचा फरक पारखून त्यावर ‘बट्टा’, म्हणजे वजावट, लावण्याचे काम सराफ करीत. बंगालमधून मुंबई इलाख्याला येणारा पैसा आणि मराठ्यांशी झालेल्या युद्धांचा खर्च याच सराफांच्या हुंड्यांतून फिरला. सुरतेच्या अर्जुनजी नाथजी त्रवाडी यांच्या पेढीचा त्यात मोठा वाटा होता. या चिठ्ठ्यांमागे न्यायालयाचा हुकूम क्वचितच असे. जी व्यक्ती हुंडी सकारणार नाही तिच्या मुलीचे लग्न जमणार नाही, हे भय पुरेसे होते, आणि म्हणून ज्ञातिजीवन हा मुंबईच्या व्यापाराचा केवळ सामाजिक संदर्भ नसून त्याची पतव्यवस्थाच होती असे मानणे योग्य ठरते.

प्रत्येक समाजाचा व्यापारात शिरण्याचा मार्ग मात्र वेगळा होता. लवजी नसरवानजी वाडिया हा पारशी सुतार १७३६ मध्ये सुरतेहून आला आणि त्याच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या गोदीत सागवानी जहाजे बांधली. कोकणी मुसलमानांत नाखुदा, म्हणजे जहाजाचा मालक वा कप्तान, हा प्रतिष्ठित वर्ग होता. पाठारे प्रभूंनी कारकुनी आणि हिशेबाची कामे मिळवली. आजच्या रायगड जिल्ह्यातील खेड्यांत घाण्यावर तेल काढणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवत असल्याने ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जाणारे मराठीभाषक बेने इस्राएल कंपनीच्या सैन्यात आणि बांधकामात आले. त्यांच्यातील सॅम्युएल इझिकेल दिवेकर या लष्करी अधिकाऱ्याने १७९६ मध्ये मांडवी भागात मुंबईतील पहिले सिनेगॉग बांधले. त्याच वर्षी कोटात आर्मेनियन चर्च उभे राहिले, आणि १८०२ मध्ये बाहेरकोटातील जामा मशिदीचे काम पुरे झाले. प्रवासी कार्स्टन नीबुर याने १७६४ मध्ये मुंबईची वस्ती १,४०,००० सांगितली होती. ही प्रार्थनास्थळे त्या वाढलेल्या वस्तीची आणि तिच्या हाती खुळखुळू लागलेल्या पैशाची साक्ष आहेत.

फेब्रुवारी १८०३ च्या भीषण आगीत कोटाचा उत्तर भाग मोठ्या प्रमाणात जळाला आणि अनेक कुटुंबांनी बाहेरकोटात घरे बांधली. तोवर व्यापाराचा ओघही बदलला होता. चीनकडे जाणाऱ्या कापसाचे आणि पुढे माळव्याच्या अफूचे महत्त्व वाढत गेले, आणि १८१३ च्या सनदी कायद्याने भारताच्या व्यापारातील कंपनीची मक्तेदारी संपल्यावर खाजगी पेढ्यांना मोकळे रान मिळाले. सेंट थॉमस चर्चसमोरच्या मैदानात कापसाच्या गठ्ठ्यांचे ढीग लागत. सौदा खंडीवर होई आणि कापसाची मुंबईतील खंडी ७८४ पौंडांची असे. पावसाळा तोंडावर आला की दर्जा पाहणारे दलाल, तोलणारे मापारी, गठ्ठे दाबणारे मजूर आणि गाडीवान यांची तेथे एकच झुंबड उडे. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता सुरू झाल्यावर दख्खनचा कापूस बैलांच्या पाठीऐवजी गाड्यांतून पनवेलच्या बंदराला येऊ लागला. चीनच्या व्यापारात जमशेटजी जीजीभाई हे पारशी, मोतीचंद अमीचंद हे जैन आणि महंमद अली रोघे हे कोकणी मुसलमान एकत्र भागीदारीने काम करीत. अफूच्या व्यापाराने चिनी समाजाचे जे अपरिमित नुकसान झाले ते डोळ्यांआड करून या पेढ्यांच्या यशाचे पोवाडे गाणे अनुचित आहे. रुग्णालये, तलाव, धर्मशाळा आणि शाळा ज्या द्रव्यातून उभ्या राहिल्या त्याचा मोठा हिस्सा या व्यापारातून आलेला होता, आणि त्या काळच्या दानशूर माणसांचे चरित्र लिहिताना दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत.

निरनिराळ्या समाजांचे प्रमुख भागीदार असल्याने शहरावर संकट आले म्हणजे त्यांना एकत्र येणे सोपे जाई. भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेत शिपायांना कुत्र्यामागे बक्षीस मिळत असल्याने ते घरांच्या दारातून कुत्री ओढून नेत, असा लोकांचा आक्षेप होता. ६ जून १८३२ रोजी कोटातील पारशांनी शिपायांना मारहाण केली. दुसऱ्या दिवशी हिंदू, जैन आणि मुसलमान दुकानदारही सामील होऊन बाजार बंद पडला आणि कुलाब्याच्या गोऱ्या सैन्याकडे जाणारी रसद अडवली गेली. सरकारने लष्कर बोलावून दंगा मोडला, काहींना शिक्षाही झाल्या. पण त्यातूनच १८३४ मध्ये भुलेश्वरजवळ पांजरपोळ, म्हणजे लंगड्यालुळ्या व भाकड जनावरांचा आश्रय, स्थापन झाली. जमशेटजी आणि जैन शेठ तिचे आधारस्तंभ होते. तिचा खर्च चालला तो ‘लागा’ या पट्टीवर. कापूस, अफू, साखर यांच्या सौद्यांवर आणि हुंड्यांवर व्यापाऱ्यांनी आपखुशीने बसवलेली ही अल्पशी आकारणी सौदा लिहितानाच वहीत वेगळी मांडली जाई आणि महाजनाकडे जमा होई. सरकारी कायद्याचा आधार नसलेली आणि तरीही बिनबोभाट वसूल होणारी ही पट्टी महाजनाच्या सामर्थ्याचा उत्तम नमुना होय.

हेच सामर्थ्य एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कसोटीला लागले. ऑगस्ट १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनमध्ये जगन्नाथ शंकरशेट, जमशेटजी आणि इतर शेठ मंडळींनी सरकारपुढे सबंध शहराच्या वतीने गाऱ्हाणी मांडण्यास प्रारंभ केला. पंचायतींच्या मार्गाने बोलण्याची जुनी पद्धत तेथे अपुरी पडली होती. दुसरीकडे शाळा-महाविद्यालयांतून शिकलेली पिढी महाजनाच्या आतल्या कारभारालाच प्रश्न विचारू लागली. गुजराती पत्रकार करसनदास मुळजी यांनी १८६० मध्ये वल्लभपंथी महाराजांच्या, म्हणजे भाटियांसारख्या ज्ञातींच्या धर्मगुरूंच्या, आचरणावर लेख लिहिला, त्यावर १८६१ मध्ये अब्रुनुकसानीची फिर्याद झाली, आणि भाटिया ज्ञातीच्या पुढाऱ्यांनी सभा भरवून महाराजांविरुद्ध साक्ष देणाऱ्याला वाळीत टाकण्याचे ठरवले. पिढ्यान्‌पिढ्या जे महाजनाचे हक्काचे साधन मानले गेले होते तेच आता न्यायाच्या कामात अडथळा आणण्याचा कट ठरले. सुप्रीम कोर्टाने त्या पुढाऱ्यांना दोषी ठरवून दंड केला, आणि १८६२ च्या एप्रिलमध्ये मुख्य खटल्याचा निकालही करसनदासांच्या बाजूने लागला.

त्याच दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत कोटाचे तट पाडण्यात आले, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव गगनाला भिडले, आणि १८६४ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. एवढ्या माणसांत कोणाची हुंडी कोणाच्या शब्दावर सकारावी हे ज्ञातीच्या ओळखीवर ठरणे अवघड होते. बँका, वकील आणि लेखी करार यांना महत्त्व येत गेले. बाजारातील महाजन त्यामुळे नाहीसे झाले नाहीत. तोलाचे नियम, वायद्याच्या तारखा आणि दलालीचे दर ते पुढेही ठरवत राहिले, आणि १८७५ मध्ये शेअर दलालांनी आपली संघटना उभारली तेव्हा तिने बाजाराच्या नियमनाचे हेच काम आपल्या हाती घेतले. सदस्यत्व मात्र तेथे जन्माने नव्हे तर शुल्क भरून मिळत होते.